बसा म्हणता, पण कुठल्या उन्हात?

संपादक मैत्रिणींनो,

मागच्या अंकातलं ड जीवनसत्त्वावरचं टिपण वाचलं. चांगल्या हेतूनं लिहिलंय, यात शंका नाही. बायकांच्या अंगात ड जीवनसत्त्व फार कमी असतं, त्यानं हाडं ठिसूळ होतात, थकवा येतो, तेव्हा रोज सकाळी वीस मिनिटं कोवळ्या उन्हात बसा, हे औषध फुकट आहे, असा त्याचा सारांश. शेवटी एक ओळ सोरायसिसच्या बायकांसाठी आहे. त्यांनी तर ऊन जरूर घ्यावं म्हणे.

ते वाचून मी अंक मिटला आणि दोन दिवस चिडून होते. एखाद्या दैनिकाच्या पुरवणीत हे आलं असतं तर चिडले नसते. तिथे हळद, मेथ्या आणि ऊन हे दर रविवारी येतं. पण आपल्या अंकात? बाईला 'बस' म्हणून सांगताना तिला बसायला जागा आहे का, हे विचारायचं आपणच विसरलो तर मग कोण विचारणार?

मला सोरायसिस आहे, वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून. १९९१ च्या पावसाळ्यात घसा सुजून ताप आला. ताप उतरला आणि पंधरा दिवसांत पाठीवर, पोटावर थेंब उडावेत तसे लाल ठिपके उठले. घशातल्या जंतुसंसर्गानंतर सोरायसिस असा उमटू शकतो, हे मला खूप वर्षांनी कळलं. तेव्हा आईला एवढंच कळलं की मुलगी लग्नाची आहे. त्याच आठवड्यात तिनं शिंप्याकडून माझे सगळे ड्रेस लांब बाह्यांचे करून घेतले. न्हाल्यावर अंगणात केस वाळवत बसायची माझी सवय होती, ती बंद झाली. "आत बस गं, समोरच्या काकू बघतात." आमचं मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, कौलं तापतात, चप्पल नसेल तर पाय पोळतात. अशा गावात राहून माझ्या अंगाला तीस वर्षांत ऊन लागलं ते तोंडाला आणि हाताच्या पंजांना. बाकी सगळी मी झाकलेली.

म्हणून २०११ साली रक्त तपासल्यावर ड जीवनसत्त्वाचा आकडा ९ आला, तेव्हा डॉक्टरांना आश्चर्य वाटलं, मला नाही.

हा आजार काय आहे ते आधी सांगते, कारण ज्यांच्या घरात तो नाही त्यांना तो कोंड्यासारखा किंवा नायट्यासारखा वाटतो. कातडीची नवी पेशी तळाशी तयार होऊन वर यायला साधारण महिना घेते. सोरायसिसमध्ये शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच बिथरते आणि हेच काम चार-सहा दिवसांत उरकलं जातं. मग कच्च्या पेशींचे थर साठतात, लाल चट्टे उठतात, त्यावर चंदेरी पापुद्रे धरतात, झडतात. तो जंतूंनी होत नाही. स्पर्शानं, ताटातून, अंथरुणातून, शरीरसंबंधातून, कशातूनही दुसऱ्याला लागत नाही. जागतिक आरोग्य परिषदेनं २०१४ साली ठराव करून हे सांगितलं, की हा दीर्घकाळाचा, असंसर्गजन्य, वेदनादायक, माणसाला विद्रूप आणि अपंग करू शकणारा आजार आहे आणि आज तरी तो मुळापासून बरा होत नाही. पुरुषांना आणि बायकांना तो जवळजवळ सारख्याच प्रमाणात होतो. होतो सारखा. पण भोगायला लागतो तो सारखा नव्हे.

आमच्याकडे अजून कातडीवर काही दिसलं की 'महारोग' हा शब्द ओठावर येतो. युरोपातही शतकानुशतकं हा घोळ होता. व्हिएन्नाच्या हेब्रा नावाच्या डॉक्टरांनी १८४१ मध्ये सोरायसिस आणि कुष्ठरोग हे दोन वेगळे आजार आहेत, हे स्वच्छ मांडलं. आपल्या हिंदू विवाह कायद्यात १९५५ पासून कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. औषधांनी पूर्ण बरा होणारा आजार, तरी ते कलम राहिलं आणि २०१९ मध्ये कुठे निघालं. सोरायसिस त्या कायद्यात कधीच नव्हता. पण घराघरातला कायदा वेगळा असतो. आमच्या गटात आलेल्या एका मुलीला सासरी आठ महिने वेगळं ताट-वाटी आणि वेगळं पातेलं होतं. पहिली मंगळागौर झाली आणि तिला माहेरी आणून सोडलं. कारण काय, तर 'फसवून दिली.' तिच्या नवऱ्याच्या डोक्यात सोरायसिस होता! ते त्यांच्याकडे 'कोंडा' म्हणून चालत होतं.

माझं लग्न १९९५ साली झालं. आईनं काही सांगितलं नव्हतं. मीही नाही. पहिल्या वर्षी मी दिवा घालवल्याशिवाय पातळ बदललं नाही. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या वाईट बोलल्या नाहीत, हे मुद्दाम लिहिते. त्या म्हणाल्या, "असू दे, पण चारचौघांत दिसू देऊ नकोस." प्रेमानं म्हणाल्या. गच्चीवर वाळवणं घालायचं काम त्यांनी माझ्याकडून काढून जाऊबाईंकडे दिलं, माझी सोय म्हणून. मैत्रिणींनो, माझं उरलंसुरलं ऊन असं सोयीसोयीनं गेलं.

झाकण्यानंही हा आजार वाढतो, हे फार कमी जणींना माहीत असतं. कातडीला जिथे घासलं, दाबलं, ओरखडलं जातं तिथे नवा चट्टा उठू शकतो. माझ्या कमरेवर परकराच्या नाडीच्या रेषेत चट्ट्यांचा पट्टाच आहे. ब्रेसियरच्या पट्टीखाली, घट्ट बाहीच्या काठावर तेच. म्हणजे आधी चट्टे झाकायला घट्ट कपडे, मग घट्ट कपड्यांमुळे चट्टे. नवरा उन्हाळ्यात घरी लुंगी-बनियनवर वावरतो.

आता ड जीवनसत्त्वाकडे येते. टिपणातल्या माहितीत एक ढोबळ चूक आहे आणि ती बायकांना महागात पडणारी आहे. कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी ज्या 'यूव्हीबी' किरणांनी कातडीत हे काम होतं, ती सकाळी आणि संध्याकाळी तिरपी येऊन वातावरणातच अडतात. त्यांचा खरा वेळ दहा-अकरा ते दुपारी तीन. काचेतून ती येत नाहीत, तेव्हा बंद खिडकीशी बसून उपयोग नाही. कापडातूनही फारशी येत नाहीत. आपल्या सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. आणि नुसतं तोंड-पंजे उघडे ठेवून भागत नाही, दंड, पाठ, पाय उघडे लागतात. आता सांगा, आपल्या ओळखीतली कुठली बाई भर दुपारी बारा वाजता पाठ आणि पाय उघडे टाकून बसू शकते? कुठल्या गच्चीवर? कुठल्या चाळीत? शेतात राबणारी बाई दिवसभर उन्हात असते, पण डोक्यावरून पदर, अंगावर नवऱ्याचा जुना शर्ट. ज्यांना निरोगी कातडी आहे त्यांना हे जमत नाही, तर जिच्या पाठीवर तळहाताएवढे चट्टे आहेत तिला तुम्ही 'जरूर घ्यावं' म्हणता!

सोरायसिस आणि ऊन यांचं नातं खरं आहे, ते मी नाकारत नाही. बहुतेकांचे चट्टे उन्हानं कमी होतात. यकृत आणि मूत्रपिंड मिळून ड जीवनसत्त्वाचं जे काम करणारं रूप तयार करतात, ते कातडीच्या पेशींना बेसुमार वाढू नका असं बजावतं. हे डॉक्टरांना कळलं तेही गमतीनं. जपानमध्ये हाडं ठिसूळ झालेल्या एका रुग्णाला ड जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध दिलं आणि त्याचा सोरायसिस निवळला. १९८५ मध्ये ते छापून आलं. त्यातूनच पुढे कॅल्सीपोट्रिऑल हे मलम आलं आणि आजही ते चट्ट्यांवर वापरतात. सोरायसिसच्या रुग्णांच्या रक्तात ड जीवनसत्त्व इतरांपेक्षा कमी आढळतं, हेही पुष्कळ अभ्यासांत दिसलंय.

पण कमी आढळतं म्हणजे त्याच्यामुळेच आजार झाला, असं नव्हे. आजारी माणूस उन्हात जात नाही म्हणून कमी असेल. वजन वाढलेलं असेल तर कमी असतं. अंगात दाह असला तरी आकडा खाली जातो. आणि ते भरून काढलं की चट्टे जातात का? नॉर्वेत, जिथे हिवाळ्यात सूर्य जेमतेम दिसतो, तिथे ड जीवनसत्त्व कमी असलेल्या १२२ सोरायसिस रुग्णांवर प्रयोग झाला. निम्म्यांना चार महिने दर आठवड्याला २०,००० युनिटचं ड जीवनसत्त्व, निम्म्यांना नुसती बिनऔषधी गोळी. २०२३ मध्ये निकाल आला. रक्तातला आकडा वाढला, चट्टे होते तिथेच राहिले. दुसऱ्या बाजूनंही सांगते, नाहीतर मी सोयीचं तेवढं सांगितलं असं व्हायचं. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या २५,८७१ जणांवर मोठा प्रयोग झाला. रोज २,००० युनिट पाच वर्षं घेणाऱ्यांमध्ये स्वतःच्याच शरीरावर उलटणारे आजार सर्व मिळून २२ टक्क्यांनी कमी झाले. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. ही आजार व्हायच्या आधीची गोष्ट, झालेला घालवण्याची नव्हे. त्याच प्रयोगात हृदयविकार काही कमी झाला नाही.

म्हणजे ड जीवनसत्त्व कमी असेल तर जरूर घ्यावं, हाडांसाठी घ्यावं. माझं त्याच्याशी भांडण नाही. माझं भांडण त्या आकड्याचं जे झाकण केलं जातं त्याच्याशी आहे.

२०११ साली मी डॉक्टरांकडे गेले ती कातडीसाठी नव्हे. सकाळी उठल्यावर तासभर बोटं वळत नव्हती. पोळ्या लाटताना लाटणं निसटायचं. टाच टेकवत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "चाळिशी आली की बायकांचं असं होतंच. रक्त तपासू." बाराशे रुपयांची तपासणी, आकडा ९, आणि हातात साठ हजार युनिटच्या पुड्या. पुड्या संपल्या, आकडा तिसाच्या वर गेला. बोटं तशीच. "हळूहळू फरक पडेल." मग आकडा परत उतरला, परत पुड्या. वर संधिवाताची एक रक्ततपासणी झाली, तिचा निकाल 'निगेटिव्ह'. तेव्हा डॉक्टर माझ्या नवऱ्याकडे बघून बोलले, "काही नाहीये यांना, थोडं मनाचं आहे." अशी तीन वर्षं गेली. कातडीचा डॉक्टर वेगळा होता, त्याला मी सांध्याचं सांगितलं नव्हतं, आणि ह्या डॉक्टरांना मी चट्टे दाखवले नव्हते. दोन वेगळ्या पिशव्यांत दोघांचे कागद. माझी चूक? आहेच. मी लपवण्यात तरबेज झाले होते. पण त्यांनीही तीन वर्षांत एकदा विचारलं नाही, अंगावर काही आहे का म्हणून.

२०१४ मध्ये बहिणीनं पुण्याला सांध्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या बाईंनी माझा हात हातात घेतला आणि आधी नखं बघितली. नखांवर सुईनं टोचल्यासारखे खड्डे होते. म्हणाल्या, "ताई, कोपर दाखवता का जरा?" पाच मिनिटांत निदान झालं. सोरायसिसचाच संधिवात. त्यात ती नेहमीची तपासणी बहुतेक वेळा निगेटिव्हच येते. आखं बोट गाजरासारखं सुजतं, टाचेत दुखतं, सकाळी अंग आखडतं. सोरायसिसच्या शंभरातल्या वीस ते तीस जणांना हा संधिवात होतो, बहुधा चट्टे उठल्यावर आठ-दहा वर्षांनी. डब्लिनच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये दाखवलं, की निदानाला सहा महिने उशीर झाला तरी सांधे झिजण्याचं प्रमाण वाढतं. माझा उशीर तीन वर्षांचा. उजव्या हाताचं चौथं बोट आता सरळ होत नाही. हे पत्रसुद्धा मी पेन तीन बोटांत धरून लिहितेय.

दीर्घकाळचं आरोग्य म्हणतात ते हे, मैत्रिणींनो. सोरायसिस कातडीवर दिसतो, पण राहतो सगळ्या शरीरात. तोच दाह रक्तवाहिन्यांत चालतो. इंग्लंडमधल्या दवाखान्यांच्या मोठ्या नोंदींवरून २००६ मध्ये दिसलं, की तीव्र सोरायसिस असलेल्या तिशीतल्या माणसाला हृदयविकाराच्या झटक्याचा धोका त्याच वयाच्या इतरांच्या तिप्पट होता. म्हातारपणातला नव्हे, तिशीतला! मधुमेह, रक्तदाब, यकृतावर चरबी, कमरेचा घेर, हे सगळे या आजाराचे सोबती. आणि उदासी. चट्टे असलेल्या बाईला 'मनाचं आहे' म्हणतात, तेव्हा मनाचा उपचार तरी करतात का? तोही नाही. मन हे फक्त तिला गप्प करायला वापरायचं.

आमच्या गटानं मागच्या दोन शिबिरांत सोरायसिसच्या बायकांशी नीट बोलायचं ठरवलं. जवळजवळ सगळ्याजणी ड जीवनसत्त्वाच्या पुड्या घेऊन झालेल्या होत्या. त्यांच्यापैकी फारच थोड्यांचा रक्तदाब कुणी बघितला होता. "सकाळी बोटं आखडतात का?" हा प्रश्न बहुतेकींनी पहिल्यांदाच ऐकला. एका मावशींनी आठवड्याची पुडी रोज घेतली होती, दोन महिने. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते दुकानदारानंही सांगितलं नाही. ओकाऱ्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, रक्तात कॅल्शियम चढलेलं. हे जीवनसत्त्व अंगात साठून राहतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही आणि मूत्रपिंडं बिघडवू शकतं. एका वहिनींनी कुणाच्या सांगण्यावरून बावचीचा लेप लावून ऊन घेतलं होतं, तर पाठभर फोड. बावचीत कातडीला उन्हाचा चटका दसपट करणारं द्रव्य असतं, आणि चटका बसला की तिथेच नवे चट्टे. 'ऊन फुकट आहे' म्हणताना हेही सांगायला हवं होतं.

पुड्यांचं पेव फुटायला कारण आहे. चिठ्ठीवर पुडी लिहायला अर्धा मिनिट लागतं. बाईला कपडे काढायला सांगून, परिचारिकेला बोलावून, पाठ, कंबर, टाळू, नखं बघायला पंधरा मिनिटं लागतात. सरकारी दवाखान्यातल्या रांगेत तेवढा वेळ नसतो आणि खाजगीत तो परवडत नाही. प्रयोगशाळेची तपासणी महाग, तरी ती होते, कारण ती विकली जाते. सांधा दाबून बघणं विकत नाही कुणी. आणि निरोगी माणसांना तर ड जीवनसत्त्वाची सरसकट तपासणी नको, असं अमेरिकेतल्या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ मध्ये सांगितलंय. इथे 'संपूर्ण बॉडी चेकअप'च्या जाहिरातीत ती पहिली असते.

उन्हाचा जो गुण आहे तो मोजून देणारा उपचार निघालेला आहे, याचा टिपणात उल्लेखही नाही. त्याच यूव्हीबी किरणांतला कामाचा तेवढा भाग देणारे दिवे असलेलं कपाट असतं. आठवड्यातून दोन-तीनदा त्यात काही मिनिटं उभं राहायचं, दोन-तीन महिने. पुष्कळांचे चट्टे त्यानं चांगले निवळतात आणि रक्तातलं ड जीवनसत्त्वही वाढतं. मूल हवं असलेल्या बाईसाठी तर याचं मोल फार मोठं. मेथोट्रेक्सेट ही स्वस्त आणि उपयोगी गोळी, मीही घेते, आठवड्यातून एकदाच, दर मंगळवारी (रोज घेतली तर जीवावर बेतते, हे ठळक छापा). पण ती गर्भाला घातक. अ‍ॅसिट्रेटिन तर थांबवल्यावरही तीन वर्षं दिवस राहू द्यायचे नसतात. फॉलिक अ‍ॅसिड चालू ठेवून गरोदरपणातही चालणारा उपचार म्हणजे हा प्रकाश. आणि नेमका तोच बाईच्या आवाक्याबाहेर! मोठ्या शहरात जायचं, आठवड्याला तीन फेऱ्या, एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, आणि घरी रोजचा प्रश्न, "परत कुठे निघालीस?" एका मुलीनं सहाव्या फेरीनंतर सोडलं. तिची सासू म्हणाली, एवढं नटून दर दोन दिवसांनी जाते कुठे. मग डॉक्टरांच्या कागदावर शेरा पडला, रुग्ण नियमित येत नाही.

जॉन अपडाईक नावाचा मोठा अमेरिकन लेखक होता. त्याला लहानपणापासून सोरायसिस. आपल्या कातडीशी चाललेल्या लढाईवर त्यानं १९८९ च्या आत्मकथनपर पुस्तकात एक अख्खं प्रकरण लिहिलं. त्यानं राहायचं गाव निवडताना समुद्रकिनारा बघितला आणि हिवाळ्यात तो कॅरिबियन बेटांवर वाळूत पडायला जायचा. त्यालाही लाज छळायची, ते त्यानं प्रामाणिकपणे लिहिलंय. पण लाज वाटूनही तो वाळूत पडू शकत होता. मला ते प्रकरण आवडलं आणि हेवाही वाटला. आमच्या जाऊबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "आपण पडलो असतो तर चौकीतून शिपाई आले असते."

तर आम्ही काय केलं ते लिहिते, कारण नुसतं गाऱ्हाणं मांडलं असं नको. गटाच्या खोलीवरची गच्ची रिकामी होती. जुन्या साड्या दोरीला बांधून तीन बाजूंनी आडोसा केला. दर बुधवारी साडेअकरा ते साडेबारा, बारा-तेराजणी येतात. डोक्यावर ओला टॉवेल, डोळे मिटून, पहिल्या दिवशी पाच मिनिटं, मग वाढवत पंधरा-वीस, कातडी लाल व्हायच्या आत सावलीत. ज्यांना उन्हानं त्रास वाढतो किंवा ऊन न चालणारी औषधं चालू आहेत त्या नुसत्या गप्पा मारायला येतात. आठवड्यातून एक दिवस म्हणजे काहीच नाही, हे मला कळतं. पण चाळीस वर्षांच्या एका बाईनं पहिल्यांदा दिवसाउजेडी दुसरीची पाठ बघितली आणि म्हणाली, "अगंबाई, तुझी पण अशीच?" त्याच गच्चीवर आम्ही एकमेकींची नखं बघतो, रक्तदाब मोजतो, सकाळी किती वेळ अंग आखडतं ते वहीत लिहितो. त्या वहीमुळे तिघींना सांध्यांच्या डॉक्टरांकडे वेळेत पाठवता आलं. घरमालक एकदा वर आले, बायका उघड्या बसतात अशी तक्रार आली म्हणे. त्यांना आम्ही वही दाखवली. त्यांच्या सुनेचं नाव दुसऱ्या पानावर आहे. ते काही बोलले नाहीत, खाली गेले.

जिल्ह्याच्या रुग्णालयाला आम्ही अर्ज दिलाय. प्रकाशोपचाराचं यंत्र, बाहेरगावच्या बायकांसाठी सोयीची वेळ आणि एसटीचं भाडं, आणि कातडीच्या बाह्यरुग्ण विभागातच वर्षातून एकदा सांधे, रक्तदाब, साखर, चरबी आणि कमरेचा घेर बघण्याची व्यवस्था. एकाच केसपेपरवर, दोन पिशव्यांत नको. सहा महिने झाले. दोनदा स्मरणपत्र दिलं. पुढच्या महिन्यात आम्ही पंचवीसजणी कोपरापर्यंतच्या बाह्यांचे ब्लाउज घालून जाणार आहोत. आमच्या बाजूच्या तालुक्यांतल्या गटांनी यावं.

आणि ते टिपण लिहिणाऱ्या मैत्रिणीनं पुढच्या अंकात 'कोवळ्या'ची दुरुस्ती छापावी. जमलं तर एका बुधवारी आमच्या गच्चीवर यावं. येताना एक जुनी नऊवारी आणावी, उत्तरेची बाजू अजून उघडीच आहे.